नियमांची कंपनी की घरोब्याची कंपनी

कंपनीत सचोटी आहे की नाही, हे कर्मचारी आचारसंहितेच्या पुस्तिकेवरून ठरवत नाहीत. अडचणीच्या वेळी साहेब काय करतात, यावरून ठरवतात. व्हिक्टर आणि कलन या अभ्यासकांनी 1988 मध्ये नैतिक वातावरणाचे जे प्रकार मांडले, त्यांपैकी नियमांचे आणि जिव्हाळ्याचे, म्हणजे घरोब्याचे, हे दोन आपल्याकडे सहज ओळखू येतात.

नियमांच्या कंपनीत दिवाळीला पुरवठादाराने पाठवलेली भेट बहुधा नोंदवली जाते किंवा परत जाते. कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध असेल, तर 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 177 नुसार गैरप्रकार कळवण्याची यंत्रणा ठेवावीच लागते, आणि अपवादात्मक प्रसंगी थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाता येते. मात्र भरघोस ऑर्डरी आणणाऱ्याची फुगवलेली प्रवासबिले निमूट मंजूर होताना दिसली, की सगळ्या यंत्रणेवरचा विश्वास उडतो.

घरोब्याच्या कंपनीत मालक आजारपणात उचल देतात, कामगाराच्या घरच्या लग्नाला आवर्जून येतात, आणि लोक तिला चांगली म्हणतात ते उगीच नव्हे. पण हीच भीड ओव्हरटाइमचे पैसे मागताना आड येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिच्यावर मालकांच्या वहिनीच बसल्या असतील, तर तक्रार करणार कोण?

नव्याने लागलेल्या, कोणाशीही ओळख नसलेल्या माणसासाठी मी नियमांचीच कंपनी निवडेन, कारण तिथे निदान लेखी दाद मागता येते.