सुजलेल्या हाताची स्लीव्ह: कंपनी नंतर, आधी माप

कॅन्सरच्या उपचारानंतर हात सुजला तर दाब देणारी स्लीव्ह कुठल्या कंपनीची घ्यावी, असं विचारणाऱ्यांसाठी हा माझा अनुभव. तीन वर्षांपूर्वी माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. उजव्या काखेतल्या गाठी काढल्या, पुढे रेडिएशन झालं. सांगलीत माझं ब्लाउज शिवायचं काम आहे. गेल्या दिवाळीच्या गर्दीत उजवा हात जड वाटायला लागला. दिसायला काहीच नव्हतं, म्हणून मी कामाचा शीण समजले. संक्रांतीला कासारणीने डाव्या हातात सहज भरलेल्या बांगड्या उजव्यात चढेनात, तेव्हा पोटात धस्स झालं.

पहिली प्रेशर स्लीव्ह, म्हणजे सूज दाबून ठेवणारी घट्ट बाही, मेडिकलमधून आणली. दुकानदाराने दंडाकडे नुसतं बघून ‘मीडियम’ काढून दिली. वरची कड गुंडाळून दंडात रुतायची आणि संध्याकाळपर्यंत बोटं टम्म. दहा दिवसांत ती कपाटात गेली. नजरेच्या अंदाजाने मी कुणाचं साधं अस्तरही कापत नाही, आणि औषधाइतकी महत्त्वाची वस्तू अशी विकतात याचा मला आजही राग येतो.

दुसरी स्लीव्ह मिरजेच्या एका रुग्णालयात मिळाली. तिथे ही सूज नर्सबाई बघतात. टेप हातात घ्यायच्या आधी त्यांनी विचारलं, “ताई, गेल्या वर्षभरात हात कधी जड वाटला का?” मला रडूच आलं. इतक्या तपासण्या झाल्या, पण हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग दोन्ही हात उघडे करून मनगटापासून वर दर ४ सेंटिमीटरला पेनने खूण. प्रत्येक खुणेवर टेप फक्त टेकवायची, ओढायची नाही. माझं आयुष्य टेपवर गेलंय, त्यामुळे सांगते, बाईंचा हात पक्का आहे. कोपराच्या वर दोन्ही हातांत २.४ सेंटिमीटरचा फरक निघाला. २ च्या वर गेला की लिम्फेडेमा, म्हणजे काखेतल्या गाठी काढल्यावर किंवा रेडिएशननंतर हातात पाणी साचून येणारी सूज, धरतात, असं त्यांनी सांगितलं.

माझी भाची बीएस्सी नर्सिंगला आहे. ती म्हणाली, मावशी, तो प्रश्न त्यांच्या मनचा नाही. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातल्या नर्सिंगच्या संशोधक जेन आर्मर यांनी उपचार झालेल्या बायकांना लक्षणं विचारली आणि त्यांचे हातही मोजले. ‘वर्षभरात जडपणा’ आणि ‘आत्ता सूज’ या दोन उत्तरांवरून २ सेंटिमीटरचा फरक कुणाच्या हातात असेल याचा अंदाज येतो, असं त्यांचं २००३ साली छापून आलेलं काम सांगतं. म्हणजे बाईमाणसाने ‘हात जड वाटतो’ म्हटलं तर ती कुरकूर नव्हे, ते मापच आहे.

आता स्लीव्हबद्दल. माझ्या स्लीव्हचा दाब २० ते ३० mmHg (बीपी मोजतात तेच एकक), मनगटाशी जास्त आणि वर जाईल तसा कमी. सकाळी उठल्याबरोबर घालायची, रात्री काढायची. रबरी हातमोजा घालून वर सरकवली की चुणी पडत नाही. रोज साध्या साबणाने धुवायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. दोन घ्याव्या लागतात. सहा महिन्यांत ताण सैल पडतो, मग नव्या. खर्चाला हे परवडत नाही, हे खरंच आहे. मे महिन्यात मशीनवर बसून घामोळं येतं. आणि रंग! कुणाच्या गोऱ्या कातडीसाठी काढलाय कोण जाणे, माझ्या सावळ्या हातावर लांबूनही उठून दिसतो.

तरी चार महिन्यांत फरक १.३ वर आलाय. यात बाईंनी शिकवलेल्या व्यायामाचाही वाटा आहे. माझं काम ऐकल्यावर त्यांनी आधी अंगुस्तान वापरायला लावलं; या हाताला सुई टोचली तर जंतू लवकर धरतात. आता त्याशिवाय मी हेमिंगला बसत नाही.

कुणी जाणार असाल तर ढगळ बाहीचा ब्लाउज घालून जा, माप पार मुंढ्यापर्यंत घेतात. आणि हात जड वाटत असेल तर त्यांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा.