१:१२ ची नळी आणि ७७ ग्रेनची गोळी, आठ महिन्यांनंतर

टेक्सासमधे राहतो, रेंजवर १०० आणि २०० यार्डला कागदी टार्गेट मारतो, शिकार करत नाही. गेल्या वर्षी सेकंडहँड .२२३ (गोळीचा व्यास साधारण .२२४ इंच) बोल्ट रायफल घेतली, साध्या ५५ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्यांनी इंचाभराचा ग्रुप, म्हणजे भोकांचा घोळका, यायचा, खूश होतो. मग वाऱ्यात कमी सरकते म्हणून ७७ ग्रेनच्या मॅच (स्पर्धेच्या) गोळ्या आणल्या, दुकानदार म्हणाला .२२३च आहे ना, मग चालेल. दहातल्या चार टार्गेटवर लागल्याच नाहीत, आणि लागलेल्यांपैकी दोन भोकं गोल नव्हती, लांबट होती, गोळी आडवी होऊन कागदातून गेलेली, तिचा अख्खा आकार कापल्यासारखा दिसत होता. पोटात गोळाच आला बघून.

घरी रायफल रिकामी आहे हे दोनदा बघितलं, क्लीनिंग रॉडला घट्ट कापड लावून वर मार्करने खूण केली आणि हळू ढकलत गेलो. नळीत आतून गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा असतात, रॉड त्यांच्याबरोबर फिरतो, खूण परत वर आली की किती आत गेला ते मोजायचं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा १२ इंच. म्हणजे नळी १:१२ ची, १२ इंचात गोळीची एकच फेरी, लांब गोळीला सरळ राहायला ती पुरतच नाही.

आणि सगळा खेळ लांबीचा आहे, वजनाचा नाही! ग्रीनहिलचा १८७९ चा हिशोब आजही कामाला येतो: १५० गुणिले गोळीच्या व्यासाचा वर्ग, भागिले तिची लांबी, सगळं इंचात; उत्तर म्हणजे किती इंचात एक फेरी हवी. माझी ७७ ग्रेनची कॅलिपरवर जवळपास १ इंच भरली, उत्तर साडेसात. वेग सेकंदाला २८०० फुटांच्या वर असेल तर १५० च्या जागी १८० घ्यायचे, मग पाऊण इंचाच्या ५५ ग्रेनला बरोबर १२ येतात. तांब्याची गोळी असेल तर जास्तच सांभाळा, तांबं शिशापेक्षा हलकं त्यामुळे तेवढ्याच वजनाला ती लांब होते.

शेवटी गनस्मिथकडून १:८ ची नळी बसवून घेतली, खर्च टोचला पण आठ महिन्यांत एकही आडवं भोक नाही, ७७ चा ग्रुप पाऊण इंचात येतो, थंडीतल्या सकाळीसुद्धा. थंड हवा दाट असते, तिथे गोळीला जास्त फिरकी लागते, सुरुवातीच्या एआर-१५ रायफलची नळी १:१४ वरून १:१२ केली ती याच कारणाने. पातळ कवचाच्या ४० ग्रेनच्या गोळ्या मात्र मी बंद केल्या, ३६०० फुटांना १:८ मधे मिनिटाला सव्वातीन लाख फेऱ्या होतात, कवच फाटायची भीती वाटते.

१:९ वाल्यांनी आधी ६९ ग्रेन बघा. ७७ काही १:९ नळ्यांत चालते, काहींत नाही, त्यामुळे आधी एकच डबा आणा आणि भोकं जवळ जाऊन बघा.