लाकडावरच्या पूल हीटरपायी १,०२,१०० रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

कोकणात होमस्टे चालवणाऱ्या आणि दारात छोटा स्विमिंग पूल असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं. "लाकडावर चालणारा पूल हीटर बनवून देतो" असं सांगत एक फॅब्रिकेटर किनारपट्टीवर फिरतोय. आमच्याकडून त्याने ७८,५०० रुपये घेतले. त्यावर आमचं २३,६०० चं नुकसान झालं आणि आमच्या गड्याचा हात भाजला. पैशांचा संताप आहेच. पण तो माणूस पाहुण्यांच्या पोरांपासून दहा पावलांवर काय उभं करून गेला होता, ते आठवलं की अजून झोप उडते.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईचे पाहुणे पाण्यात पाय बुडवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "पाणी गरम नाही का?" विजेवरच्या हीटरचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. लाकूड मात्र वाडीतलंच, सुकलेली पोफळं, झावळ्या, करवंट्या, सुरूच्या फांद्या. म्हणून हा माणूस आला तेव्हा आम्ही ऐकून घेतलं. कोणीही घेतलं असतं.

त्याचं बोलणं गोड. "वहिनी, न्हाणीघरात बंब आहे ना तुमच्या? हा मोठा बंबच समजा." इथेच त्याने आम्हाला गुंडाळलं. बंबाला झाकण असतं ते नुसतं टेकवलेलं. पाणी उकळलं तर वाफ वरून निघून जाते, कितीही जाळ घाला. याने दिलं काय, तर तेलाच्या जुन्या पिंपात भट्टी, आत पाइपाची बंद कॉइल, पाणी आत येण्याच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, आणि बाहेर जाण्याच्या बाजूला कॉक. म्हणजे दोन्ही तोंडं बंद होऊ शकणारी नळी आणि तिच्याखाली पेटतं लाकूड. पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे पट जागा मागते. ती जाणार कुठे? दाब वाढला की आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह नाही, तापमापक नाही, काही नाही. कॉइलच्या बाहेरच्या तोंडाला कॉक असूच नये. बसवलाच, तर कॉइल आणि कॉक यांच्यामध्ये सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, आणि त्याचं तोंड माणसांपासून लांब, जमिनीकडे.

पैसे असे गेले. ४०,००० ॲडव्हान्स, यूपीआयने. मग "तुमच्याकडे खारी हवा, ३०४ स्टीलच घ्या" म्हणून १८,००० जादा. ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड. टेम्पोचे ६,५०० रोख, पावती नाही. बसवून झाल्यावर १४,०००. बिल दिलं ते कच्चं, हाताने लिहिलेलं, त्यावर जीएसटी क्रमांक नाही. क्रमांक दिला तर तो जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो. देत नसेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता ज्या क्षणाने माझा जीव जळतो तो सांगते. टेम्पोतून कॉइल उतरवली तेव्हा वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्याभोवती चहाच्या डागासारखी तांबूस कडी होती. नवी कोरी वस्तू, अजून पाण्याचा थेंब लागला नव्हता. मी विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं. तर याने खिशातून चुंबक काढलं, आधी फाटकाला लावलं, टक्कन चिकटलं. मग कॉइलला लावलं, चिकटलं नाही. "बघा वहिनी, अस्सल थ्री-नॉट-फोर. तो डाग वेल्डिंगच्या जाळाचा, घासला की जाईल." सासरे मान हलवत होते, शेजारी कौतुकाने बघत होते. डोळ्यांसमोर असा पुरावा दाखवल्यावर बाईमाणसाने आणखी काय वाद घालायचा?

ते चुंबक म्हणजे शुद्ध बनवाबनवी होती, हे भाच्याने नंतर सांगितलं. तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे. २०२ नावाचं स्वस्त स्टीलही चुंबकाला धरत नाही. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि समुद्राकाठी ते भराभर गंजतं. क्लोरीनच्या पाण्यात तर ३०४ लाही बारीक भोकं पडू शकतात, ३१६ ग्रेडचं बरं. चुंबकावर विश्वास ठेवू नका. स्टीलचा ग्रेड बिलावर लिहून घ्या आणि तुकडा लॅबमधून तपासून आणा.

"दहा किलो लाकडात पूल कोमट" हेही त्याचंच वाक्य. आमच्या पुलात साधारण १०,००० लिटर पाणी. ते १० अंशांनी तापवायला एक लाख किलोकॅलरी लागतात. सुक्या लाकडातून किलोमागे साधारण ३,५०० मिळतात, त्यातली निम्मी तरी धुराड्यातून जातात. साठ-सत्तर किलो लाकूड झालं. हा हिशेब विकणाऱ्याला येत नसेल असं मी मानणार नाही.

बसवलं कुठे, तर पंपाच्या पत्र्याच्या खोलीत. शेजारी क्लोरीन पावडरीचा डबा, जी आगीला आणखी भडकवते. धुराडं जेमतेम पत्र्याच्या वर, आणि त्याला लागून झावळ्यांचा मांडव. बंद खोलीत लाकूड धुमसलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वासही नसतो. अशी भट्टी उघड्यावर हवी. जाताना गड्याला सांगून गेला, "पाणी जास्त गरम पाहिजे तर कॉक आवळायचा." त्याने तेच केलं.

नाताळच्या सुट्टीत पुण्याची दोन कुटुंबं होती. संध्याकाळी भट्टी भरलेली असताना लाइट गेली. पंप थांबला. लाकडाला बटण नसतं, ते जळतच राहिलं. "वयनी, पाइप धडधडतोय बगा," असं ओरडत गडी खोलीकडे धावला, आणि तेवढ्यात कॉइलपुढचा पीव्हीसी पाइप मऊ पडून सांध्यातून सुटला. वाफ आणि उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली. भाचा म्हणाला, पाइप सुटला म्हणून वाचलात, नाहीतर कॉइलच फुटली असती. गरम बाजूला साधा पीव्हीसी कधीच लावू नका, तो ६० अंशांच्या आसपास दम सोडतो. पंपाला इन्व्हर्टर नसेल तर भट्टी पेटवूच नका. आधी पंप, मग जाळ. विझवताना निखारे पूर्ण गार होईपर्यंत पंप चालू.

दवाखाना ९,४००, पाहुण्यांना परत केलेले ११,०००, पंपाचं सील ३,२००. त्या माणसाचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद. लोट्याच्या एमआयडीसीत वर्कशॉप आहे म्हणाला होता. सांगितलेल्या पत्त्यावर तसलं काही नव्हतंच.

मग सुरू झाली सरकारी वारी. पोलीस म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग ही दिवाणी बाब. करार कुठाय? पत्ता दुसऱ्या हद्दीतला, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे यूपीआयने गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, हा आमचा गुन्हा नाही. बँकेचंही तेच. एका कार्यालयात सांगितलं की २५ लिटरपेक्षा कमी पाणी मावतं, म्हणजे कायद्याने हा बॉयलरच नाही. माणूस भाजला तो मात्र खराच ना? भाजलेल्या हाताचे फोटो पुढे केले तर साहेबांनी मोबाइल हातातसुद्धा घेतला नाही. खोटा पत्ता देणं, खोटं स्टील खरं म्हणून विकणं, याला फसवणूक म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कोणासाठी आहे? अखेर साध्या कागदावर पोच घेतली, तीही दरवाज्यात बसून राहिल्यावर.

ग्राहक आयोगाचंही ऐकवलं, "होमस्टे म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही." हे धडधडीत चूक आहे. पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवलेल्या कामासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक कायद्यात बसते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. कोणी परतवलं तर लेखी द्या म्हणा. सल्ल्यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. आमची तक्रार आम्ही दाखल केली आहे.

आता तो दिवेआगर, गुहागरकडच्या होमस्टेवाल्यांकडे जातोय असं कानावर आलंय. पांढरा पिकअप, चाळिशीचा, बोलायला लाघवी, प्रत्येक बाईला वहिनी म्हणतो. तुमच्या दारात आला तर एक रुपयाही आगाऊ देऊ नका. गाडीचा नंबर टिपून घ्या, फोटो काढा, आणि लगेच जवळच्या ठाण्यात लेखी कळवा. आमच्याकडे नंबर नाही, तिथेच सगळं अडून बसलंय.