भिजलेली खोली सुकवायची: पंखा की डिह्युमिडिफायर?

पाइप फुटला, खोलीत पाणी साचलं. मेन स्विच बंद केला, पाणी उपसलं, फरशी पुसून झाली. पुढे काय? बहुतेक जण पंखे लावून खिडक्या उघडतात. बाहेर कोरडी हवा असेल तर हे उत्तमच आणि खर्चही जवळपास शून्य. पण पंखा पाणी नाहीसं करत नाही, भिंतीतली ओल फक्त हवेत आणतो. बाहेरही दमट असेल तर ती ओल जाणार कुठे? ती गाद्या, पुस्तकं आणि कपाटांच्या पाठीमागे जाऊन बसते.

डिह्युमिडिफायर हवेतली वाफ थंड कॉइलवर धरून तिचं पाणी करतो आणि टाकीत जमा करतो. इथे मात्र दारं-खिडक्या बंदच हव्यात, नाहीतर तो बाहेरचीच हवा सुकवत बसेल. थंड खोलीत हे यंत्र मंदावतं, आणि टाकी भरली की थांबतं. दुकानात किंवा गोदामात रात्री कोणी नसेल, तर त्याला नळी जोडून पाणी थेट मोरीत सोडावं.

बुरशी 24 ते 48 तासांत धरू शकते, म्हणून दमट दिवसांत मी यंत्र भाड्याने आणायला अजिबात कचरणार नाही. पंखाही सोबत चालवावा. तो ओल भिंतीतून काढतो, यंत्र ती हवेतून काढतं.

सांडपाणी शिरलं असेल तर आधी सफाई आणि निर्जंतुकीकरण. तोवर पंखा नकोच, तो घाण हवेत उडवतो.