पीळ की सूज? अंडकोष दुखतो तेव्हा

रात्री दोनला मुलगा पोट धरून उठतो, एकदा उलटी करतो. आई ओवा देते. खरं दुखणं खाली आहे, पण लाजेपायी तो सांगत नाही. बारा ते अठराच्या वयात हे नेहमीचं.

हा वृषणाला, म्हणजे अंडकोषातल्या गोटीला, बसलेला पीळ असू शकतो. ज्या दोरीतून रक्त येतं तीच पिळवटते. कळ अचानक येते, बहुधा एकाच बाजूला. ती गोटी वर ओढल्यासारखी, आडवी दिसते. साधारण 6 तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुतेकदा वाचतं, पुढे आशा झपाट्याने कमी होते. शस्त्रक्रियेत दुसरी बाजूही टाके घालून पक्की करतात.

जंतुसंसर्गाची सूज सहसा दबकत येते. दिवस-दोन दिवसांत दुखणं वाढतं, लघवीला जळजळ होते, कधी ताप येतो. तरुणांत कारण अनेकदा लैंगिक संसर्ग, उतारवयात मूत्रमार्गातले जंतू. प्रतिजैविकं, आराम, लंगोटाचा आधार यांनी उतरते. गाठ मात्र काही आठवडे राहू शकते. लैंगिक संसर्ग असेल तर जोडीदारालाही औषध लागतं.

अंडकोष उचलून धरल्यावर बरं वाटलं म्हणजे पीळ नाही, ही घरगुती परीक्षा माझ्या मते धोक्याची. रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी मदत करते, पण लक्षणं स्पष्ट असतील तर सर्जन तिच्यासाठीही थांबत नाहीत. म्हणून अचानक कळ आली की थेट इमर्जन्सी गाठा, आणि वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नका. भूल द्यावी लागू शकते.