नखाच्या बुरशीवर लाल दिव्याची थेरपी: कुठे उपयोगी, कुठे पैसे वाया

पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड, भुसभुशीत झालं आणि बुरशी ठरली, की नेहमीचं औषध म्हणजे टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी, रोज एक, १२ आठवडे. यकृताचं दुखणं असलेल्यांना ती चालत नाही. अशांसाठी काही त्वचारोग क्लिनिकमध्ये फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे नखाला रंग लावून त्यावर लाल प्रकाश टाकण्याचा उपचार, मिळते. बुरशी एक-दोन नखांपुरती असेल आणि मुळापर्यंत पोचली नसेल, तर ही सेवा घेण्याजोगी आहे. सगळीच नखं गेली असतील तर तिच्यावर विसंबू नका.

इथे नुसता दिवा काही करत नाही. नखावर आधी रंगद्रव्य लावतात, बऱ्याचदा २ टक्के मिथिलीन ब्लू. लाल प्रकाश पडला की ते आसपासच्या ऑक्सिजनला इतकं तिखट करतं की बुरशीच्या पेशी जळून मरतात. रंग न लावता कोणी लेसर मारत असेल, तर तो उष्णतेचा वेगळा उपचार आहे. घरी नखाला लावायच्या, रोज सात मिनिटांच्या क्लिपमध्येही रंगद्रव्य नसतं. तिच्यावर पैसे घालू नयेत.

सगळ्यात जास्त चुका तयारीत होतात. जाड नखातून रंगही झिरपत नाही आणि प्रकाशही आत जात नाही. म्हणून भोवतालच्या कातडीला व्हॅसलीन लावून नखावर ४० टक्के युरियाचं मलम, वर प्लास्टिक आणि चिकटपट्टी, असं काही रात्री करावं लागतं. नख मऊ पडलं की ते घासून पातळ करतात आणि खालचा पांढरा भुसा खरवडून काढतात. ही खरवड टाळून थेट दिव्याखाली बसवलं, तर ती खेप फुकट गेलीच म्हणून समजा.

रंग काही मिनिटं मुरू द्यायचा आणि वरचा थर पुसून घ्यायचा. निळा थर जाड राहिला तर प्रकाश तोच गिळतो. दिव्याच्या लाल प्रकाशाची तरंगलांबी साधारण ६३० नॅनोमीटर असते आणि मात्रा बहुधा चौरस सेंटिमीटरला ३७ जूल. दिवा चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅटचा प्रकाश देत असेल तर हिशेबाने ३७० सेकंद लागतात. दिवा लांब धरला की प्रकाश घटतो, म्हणून ‘मात्रा किती जूल?’ हे विचाराच. उत्तर आलं नाही तर दुसरं क्लिनिक बघा. खेपा साधारण पंधरवड्याने, सहा महिने. कातडीवर निळा डाग काही दिवस राहतो.

कुठे रंगाऐवजी अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल वापरतात. ते तासन्‌तास झाकून ठेवावं लागतं आणि दिव्याखाली चांगलंच झोंबतं.

सुरुवातीलाच केओएच तपासणी (नखाचा भुसा सूक्ष्मदर्शकाखाली बघून बुरशी आहे का ते ठरवणारी) करून घ्या. वेडीवाकडी झालेली जवळपास निम्मी नखं बुरशीची नसतातच; सोरायसिस किंवा बुटाचा मार तसाच दिसतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील तर त्यांवर मलम सोबतच सुरू हवं, नाहीतर बुरशी तिथून पुन्हा नखात शिरते.

अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे ‘महिन्यात स्वच्छ नख’ ही जाहिरात खोटी. निरोगी आणि खराब भागाच्या सीमेवर कानशीने बारीक खाच पाडून घ्या. दोन-तीन महिन्यांत खाच पुढे सरकली आणि तिच्या मागचं नख स्वच्छ आलं, तर उपचार लागू पडतोय. पिवळेपणा खाच ओलांडून मुळाकडे गेला, तर पुढच्या खेपांचे पैसे भरू नका.