सागाचं पान कापडावर: ठसा कोरावा की पानच छापावं?

सागाचं पान कापडावर आणायचं तर दोन वाटा आहेत. लाकडी ठसा कोरून घ्यायचा, नाहीतर खरं पानच कापडात गुंडाळून वाफवायचं, ज्याला हल्ली इकोप्रिंट म्हणतात. मी दोन्ही करून बसलोय.

ठशासाठी पान घेतलं ते पाऊस सरतानाचं. तेव्हा सागावर अळी पडते, शिरांमधला हिरवा गर खाते आणि पानाची जाळी उरते. मला ती जाळीच हवी होती. कोरणाऱ्यानं आधीच सांगितलं, फार बारीक शिरा रंगानं बुजतील. त्या गाळल्या. हातभर पानाचं सहा इंच झालं, तेही चाललं. ठसा दहा-बारा दिवस तेलात मुरवला आणि पहिली छाप पाहून मीच खूश!

मग पाच मीटर छापून दोरीवर वाळत टाकलं, आणि नजरेत भरलं एकच: डावीकडचं मोठं भोक. दर सहा इंचांवर तेच भोक, तिथंच, तसंच. अळीनं कुरतडल्यासारखं नाही, पंचिंग मशीननं पाडल्यासारखं. ठसा उलटा फिरवून छापला, जोडीला दुसरा कोरून घेतला, तरी डोळा ते भोकच शोधतो. खोट माझ्या डोळ्यातही असेल. पान निव्वळ बुट्टी म्हणून हवं असेल त्याला हे जाणवणारही नाही.

कोवळं सागाचं पान तळहातावर चोळलं की लाल होतं. तोच रंग कापडावर उतरतो. रेशमावर सहज, सुतीला आधी हिरडा आणि तुरटी. गच्च गुंडाळी, वर सुतळी, दीड-दोन तास वाफ. पान आपल्या मूळ मापात येतं, आणि भोक असलंच तर ज्याचं त्याचं.

त्रास इथंही आहेत. जून पान रंग देताना हात आखडतं. लोहपाण्याचा, म्हणजे लोखंड मुरवलेल्या पाण्यानं येणारा, राखाडी रंग आंबटाला घाबरतो: बहिणीच्या ओढणीवर भेळेचं लिंबू उडालं, तिथं फिके ठिपके पडलेत. ती म्हणते, आणखी एक अळी.

दहा सारखे कुर्ते द्यायचे असतील तर अर्थात ठसाच घ्या, पानाच्या भरवशावर ऑर्डर घेऊ नका. स्वतःसाठी एखादी ओढणी करायची असेल, तर मी आपला पहिल्या पावसानंतरच्या पालवीची वाट पाहीन.